नकारात्मक विचारांवर सबुरीचा उतारा

जून महिना अर्धा सरला की देवगाव फाट्यावर चहा घेणारी माणसे एकमेकांकडे कमी आणि आभाळाकडे अधिक पाहतात. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हे ठिकाण. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला येथे सेलूचा रस्ता मिळतो, म्हणून हा फाटा. सभोवती काळी, भारी जमीन. तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि हिवाळ्यात ज्वारी. यातील बरीचशी शेती अजूनही पावसाच्याच भरवशावर उभी आहे.

पहिला बरा पाऊस झाला की मोठा मोह होतो. मातीचा वास सुटतो, शेजाऱ्याची तिफण शेतात उतरते, आणि आपण मागे पडू या भीतीने मनुष्य बियाण्याची पिशवी उचलतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगत असतो. तरीही पेरले जाते. मग पाऊस दडी मारतो, उगवलेली रोपे माना टाकतात आणि दुबार पेरणी कपाळी येते. बियाणे पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. पैसा मात्र पुन्हा नसतो.

अशा रात्री त्या घरातील कर्त्या माणसाच्या मनात काय चालत असेल? आमच्या समजुतीप्रमाणे तीन वाक्ये तरी नक्कीच चालत असतील. 'पेरणी वाया गेली.' 'आता हे वर्ष गेले, पुढचेही असेच जाणार.' 'माझ्या हातून काहीच धड होत नाही.' या लेखात आम्ही मुख्यतः या तीन वाक्यांविषयीच बोलणार आहोत. पहिले वाक्य वस्तुस्थिती सांगते. दुसरे हा अंदाज आहे. तिसरा तर स्वतःवर दिलेला निकाल आहे, तोही साक्षीपुरावा न घेता दिलेला. परंतु रात्री दोन वाजता अंथरुणावर पडलेल्या माणसाला तिन्ही वाक्ये सारखीच खरी वाटतात, कारण ती एकाच आवाजात बोलली जातात आणि तो आवाज आपलाच असतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात आपल्या खिन्न रुग्णांचे बोलणे बारकाईने ऐकले, तेव्हा त्यांना हीच गोष्ट आढळली. उदास मनुष्य केवळ दुःखी नसतो. स्वतःविषयी, भोवतालच्या जगाविषयी आणि भविष्याविषयी अशा तिन्ही बाजूंनी तो एकच काळा निष्कर्ष काढत असतो. हे विचार तो मुद्दाम करत नाही. ते आपोआप, क्षणार्धात येतात आणि आले आहेत हेही त्याला कळत नाही. त्याला कळते ती केवळ छातीवरील धोंड. बेक यांनी पुढे या निरीक्षणातून एक उपचारपद्धती उभारली आणि ती आज जगभर वापरली जाते. आपल्या आजीने मात्र 'मन चिंती ते वैरी न चिंती' एवढ्यात हे सारे सांगून टाकले होते.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांतील १०३ परभणी जिल्ह्यातील होते. कर्ज, पडलेले भाव, गेलेला पाऊस, मुलीच्या लग्नाचा खर्च, या गोष्टी म्हणजे 'नकारात्मक विचार' नव्हेत. त्या खऱ्या आहेत. ज्याच्या डोक्यावर सावकार उभा आहे त्याला 'सकारात्मक विचार करा' असा उपदेश करणे म्हणजे त्याच्या दुःखाचा दोष त्याच्याच पदरी टाकणे होय. भिंतीवर लावायच्या सुविचारांनी कोणाचे कर्ज फिटलेले आम्ही पाहिले नाही. कर्जाचा प्रश्न बँकेत, बाजारात आणि विधिमंडळात सोडवायचा असतो, आणि तेथे तो नेटाने मांडलाच पाहिजे.

मग मनाशी झगडण्याचा उपयोग काय? उपयोग असा की, नकारात्मक विचार खऱ्या संकटाला सोडवत तर नाहीच, उलट ते सोडविण्यासाठी लागणारे हातपाय बांधून टाकतो. 'काही उपयोग नाही' असे ज्याला वाटते तो पीकविम्याचा अर्ज मुदतीत भरत नाही, तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी जात नाही, बँकेच्या नोटिशीचे पाकीट उघडत नाही. काही आठवड्यांनी त्याचे म्हणणे खरे ठरते, कारण त्याने ते खरे ठरू दिलेले असते. संकट एक होते, त्याची दोन होतात.

रवंथ आणि काम

गाय चरून येते आणि सावलीत बसून रवंथ करते. तिच्या रवंथाने चारा पचतो. मनुष्यही रवंथ करतो, फक्त त्याच्या रवंथाने काही पचत नाही. तोच प्रसंग, तोच अपमान, तीच चूक तो पुनःपुन्हा वर आणतो आणि त्याला वाटते की आपण विचार करत आहोत, यातून मार्ग निघेल. विचार आणि रवंथ यांत फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आम्हाला उपयोगी वाटते. अर्ध्या तासाच्या चिंतनानंतर उद्या सकाळी करावयाचे एखादे काम हाती लागले, तर तो विचार. काहीच हाती न लागता केवळ मन अधिक जड झाले, तर तो रवंथ.

पुष्कळांचा समज असा की, वाईट विचार हा चांगल्या युक्तिवादाने एकदाच खोडून काढला की संपतो. तसे घडत नाही. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने प्रा. किशोर फडके यांच्याकडे जाते. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि मराठीतून शिकविली. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे एलिस यांचे नाव मराठी घरांतही पोहोचले. एलिस हे विवेकाचे कट्टर पुरस्कर्ते. प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीची आपली धारणाच आपल्याला अधिक पोळते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. पण त्यांनीही आवर्जून सांगितले की, आपली धारणा चुकीची आहे हे नुसते उमगून भागत नाही. जुनी धारणा वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्की झालेली असते, म्हणून ती मोडण्यासाठीही सराव आणि कष्टच लागतात. कुंदा एकदा उपटला म्हणून शेत स्वच्छ झाले असे कोणी शेतकरी समजत नाही. त्याच्या काशा जमिनीत खोल असतात.

हा सराव कसा करायचा याचे एक चांगले उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात आहे. तेथील 'संगथ' ही संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढ रुग्णांना त्यात सामावून घेण्यात आले. त्यांतील निम्म्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ते त्याच समाजातील साधी माणसे होती, काही आठवड्यांचे शिक्षण घेऊन तयार झालेली. प्रत्येक भेट सुमारे अर्ध्या-पाऊण तासाची.

या भेटींत काय होत असे? विचारांशी लांबलचक वाद घालणे हा तिचा गाभा नव्हता. समुपदेशक विचारी, तुमचा दिवस कसा जातो? पूर्वी काय केल्याने बरे वाटे? त्यांतील कोणती एक छोटी गोष्ट या आठवड्यात करता येईल? मग ती गोष्ट दिवस आणि वेळ ठरवून लिहिली जाई. शेजारणीकडे जाणे, परसातील झाडांना पाणी घालणे, नियमाने आंघोळ करून दाढी करणे, इतक्या साध्या गोष्टी अशा यादीत येऊ शकतात. पुढच्या भेटीत ती झाली का, झाली नसेल तर कशामुळे अडली, हे पाहिले जाई. इच्छा झाल्यावर करायचे नाही, ठरल्यावेळी करायचे. इच्छा मागाहून येते. उदास मनुष्य बरे वाटण्याची वाट पाहत काम थांबवितो आणि काम थांबल्यामुळे त्याला बरे वाटत नाही. हे चाक उलट दिशेने फिरविण्याची ही युक्ती.

तीन महिन्यांनंतर पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही हा फरक पुष्कळ अंशी टिकून होता. आम्हाला यातील ६४ इतकेच उरलेले ३६ देखील महत्त्वाचे वाटतात. त्यांना या भेटी पुरल्या नाहीत. त्यांना आणखी वेळ, आणखी उपचार हवे होते. त्यात त्यांचा दोष नव्हता.

विदर्भातील अमरावती जिल्ह्यात, कापसाच्या गावांतही याच धर्तीवर काम झाले. तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलणे सुरू केले. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरांतील जेमतेम चार-पाच जण उपचारापर्यंत पोहोचत होते. काम सुरू झाल्यानंतर हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले आणि नैराश्याचे प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आले. हा सगळा बदल त्या कामामुळेच झाला असे ठामपणे म्हणता येणार नाही, पीकपाण्याचाही त्यात वाटा असू शकतो. परंतु बोलावयास कोणी आले तर माणसे बोलतात, एवढे यातून नक्कीच दिसते.

धीर म्हणजे बसून राहणे नव्हे

सेलूच्या शेजारीच पाथरी तालुका. शिर्डीच्या साईबाबांचे जन्मगाव पाथरी होय अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. त्यांच्या नावाशी जोडला गेलेला 'सबुरी' हा शब्द मूळ अरबीतील 'सब्र' वरून आलेला, पण मराठी माणसाने तो इतका आपलासा केला आहे की धावणाऱ्या बैलालाही आणि रडणाऱ्या मुलालाही आपण 'सबूर' म्हणतो. त्यात थांबणे आहे, पण हात जोडून थांबणे नाही. दम धरणे आहे. ज्याला दम धरायचा असतो त्याला श्वास चालू ठेवावाच लागतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे पाहिले की या शब्दाचा अर्थ उलगडतो. १९७२ साली, मराठवाड्याला भीषण दुष्काळाने ग्रासले असताना त्याची स्थापना झाली. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. तेथून २००२ मध्ये रब्बी ज्वारीचा 'परभणी मोती' हा वाण आला. पिकाचा नवा वाण तयार करण्यास साधारणपणे दहा-बारा वर्षे लागतात. रब्बी ज्वारीचे पीक तर वर्षातून एकदाच येते, म्हणजे चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची संधी पुढच्या वर्षी. शास्त्रज्ञ त्या काळात स्वस्थ बसलेला नसतो. तो शेकडो कणसे तपासतो, त्यांतील बहुतेक बाजूला टाकतो आणि थोडी पुढे नेतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र आठ वर्षे काहीच घडले नाही असे वाटू शकते.

सोयाबीनमध्ये तूर घेणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पहिला दीड महिना तूर जवळजवळ वाढतच नाही. सोयाबीन तिच्या डोक्यावरून जाते आणि नवख्या माणसाला वाटते की या ओळी वाया गेल्या. जाणता शेतकरी त्या मोडत नाही. तूर त्या दिवसांत मुळाचे काम करत असते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघाले की तिला उजेड आणि जागा मिळते आणि मग ती फांद्या टाकते. मनाच्या उपचारातही असाच एक काळ असतो, ज्यात वर काहीच दिसत नाही. नैराश्यावरील औषधांचेच पाहा. त्यांचा गुण दिसण्यास बहुधा दोन ते चार आठवडे आणि कधी त्याहून अधिक वेळ लागतो. मळमळ, झोपेतील बदल असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. त्यामुळे अनेकजण दहाव्या दिवशी गोळ्या बंद करतात आणि 'आपल्याला काही लागू पडत नाही' असा आणखी एक निकाल स्वतःवर देतात. याउलट बरे वाटू लागताच औषध सोडणारेही थोडे नाहीत. दोन्ही वेळी डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे.

आपल्या आध्यात्मिक परंपरेने या काळाची दखल फार पूर्वी घेतली आहे. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथील लढाईत इग्नाशियस लोयोला यांचा पाय तोफेच्या गोळ्याने मोडला. त्यांच्या परिवर्तनाची कथा आपण जाणतो. परंतु त्यानंतरच्या वर्षी मान्रेसा येथे त्यांनी काय सोसले, हे आपण क्वचितच सांगतो. आपली पापे आपण नीट निवेदन केली नाहीत या शंकेने त्यांना महिनोन्‌महिने पछाडले. पुनःपुन्हा पापनिवेदन करूनही मन शांत होईना. जीवन संपविण्याचे विचारही त्यांच्या मनात तीव्रतेने आले, हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. ज्यांना आपण संत म्हणून वेदीवर पाहतो, त्यांना ही रात्र ठाऊक होती.

या अनुभवातून त्यांनी पुढे आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात काही नियम घालून दिले. त्यांतील एक नियम आम्हाला अतिशय व्यवहारी वाटतो. मन विषण्ण असताना पूर्वी विचारपूर्वक केलेला निश्चय बदलू नये. शेत विकावे, शाळा सोडावी, नाते तोडावे, असे निर्णय त्या वेळी घेऊ नयेत. मात्र निर्णय बदलायचा नसला तरी स्वतःमध्ये बदल करावा, विषण्णता जेथे ओढते त्याच्या उलट थोडेसे अधिक करावे. प्रार्थना आटोपती घ्यावीशी वाटली तर ती किंचित लांबवावी. ही अवस्था सरणार आहे याचे स्मरण ठेवावे. आणि मनात चाललेले एखाद्या जाणत्या व्यक्तीला उघडपणे सांगावे, कारण आपल्याला फसविणारी शक्ती गुप्ततेवरच जगते. गोव्यातील आरोग्य केंद्रात बसलेला समुपदेशक आणि सोळाव्या शतकातील हा संत यांची भाषा आणि उद्दिष्टे वेगळी आहेत. तरी इच्छा नसताना ठरलेले लहान काम करणे, यावर दोघांचे एकमत व्हावे हे लक्षणीय आहे.

त्याही आधी जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची कथा येते. मोठ्या विजयानंतर जिवाच्या भीतीने तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, मला मरण दे, अशी देवाकडे याचना करतो. देवाचा दूत येतो. तो एलियाला श्रद्धेवर प्रवचन देत नाही, धीर धर असेही म्हणत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो, मग दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो. पुढचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतरचा. उपदेशाची घाई असलेल्या आम्हा सर्वांना, त्यात लेख लिहिणारेही आले, ही भाकर आठवणीत ठेवण्यासारखी आहे.

सबुरी कोठे संपते

धीराच्या नावाखाली आपल्या समाजात अन्यायही होतो, हे लिहिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला 'जरा सबुरीने घे' म्हणणे हा सल्ला नव्हे. तिला सुरक्षित जागा आणि कायद्याचे संरक्षण हवे असते. तसेच आजाराचेही आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, विनाकारण थकवा, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, ही लक्षणे दिसली तर तो स्वभावाचा दुबळेपणा समजू नये, तो आजार असू शकतो. मलेरिया झालेल्याला आपण चिकाटीने ताप सोसण्यास सांगत नाही. येथे चिकाटी लागते ती डॉक्टरांकडे जाण्यासाठी आणि जात राहण्यासाठी.

या बाबतीत मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत राज्य शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन काही ठरावीक प्रश्न विचारायचे, ज्यांच्या उत्तरांवरून काळजी वाटते त्यांना आरोग्य केंद्राकडे आणि तेथून जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचे, अशी त्याची आखणी आहे. लसीकरण, बाळंतपणे आणि असंख्य नोंदवह्या सांभाळून आशाताई हे काम करतात. आपल्या दारी त्या आल्या तर प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत. 'सगळे ठीक आहे' हे मराठवाड्यातील सर्वांत जास्त बोलले जाणारे असत्य असावे, असे आम्हाला कधीकधी वाटते.

लाजेचा प्रश्न मोठा आहे. घरात कोणी असा प्रयत्न केला तर पोलिसांच्या भीतीने कुटुंबे तो लपवीत आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरण्याची तरतूद केली. तिला शिक्षा करायची नसून तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. आपल्या भाविकांच्या मनात आणखी एक भीती असते, ती दफनविधीची. १९१७ च्या जुन्या धर्मसंहितेत बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली धर्मशिकवण सांगते की, गंभीर मानसिक आजार, तीव्र वेदना किंवा भय यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि तिच्या तारणाविषयी निराश न होता ख्रिस्तसभा तिच्यासाठी प्रार्थना करते. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी बदललेली ही गोष्ट आपल्या कित्येक धर्मग्रामांत अजून पोहोचलेली नाही. त्यामुळे शोकात असलेली घरे दुहेरी ओझे वाहतात.

आपल्या ओळखीचे कोणी अशा अवस्थेत असेल तर काय करावे, असे आम्हाला विचारले जाते. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. बहुधा विचारल्याने सुटकाच वाटते. उत्तर होय असेल तर त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये, घरातील धोक्याच्या वस्तू, विशेषतः शेतीची विषारी औषधे, कुलपात किंवा घराबाहेर ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 'टेलिमानस' ही शासनाची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, मराठीतूनही. राज्याच्या आरोग्य विभागाचा १०४ हा क्रमांकही आहे.

आणि संकट इतके गंभीर नसेल, शेजारी केवळ गप्प गप्प झाला असेल, पारावर येईनासा झाला असेल, तर त्याच्याकडे जावे. जाताना उपदेश नेऊ नये. पीकविम्याचा कागद भरावयाचा राहिला असेल तर तो सोबत बसून भरावा, सेलूला बँकेत जायचे असेल तर मोटारसायकलवर मागे बसवून न्यावे. पहिल्या दिवशी तो दार उघडणार नाही, किंवा उघडून 'नंतर बघू' म्हणेल. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, पुन्हा जावे.